मोकळी जागा चालत नाही

आल्माटीच्या फळसंशोधन संस्थेत, दुसऱ्या मजल्यावर,
जिथं हीटर खोकतो आणि खिडकी पुरती मिटत नाही,
आम्ही चौघं नावाचा नियम ठरवायला बसलो.
चाळीस हजार फोटो, रानसफरचंदांचे.
फूल, पान, साल, कीड, उभं कापलेलं फळ.
आणि फायलींची नावं काय, तर
'नवीन फोल्डर तीन',
'शेवटचं', 'खरंच शेवटचं',
'मार्झाननं तपासलेलं शेवटचं, हात लावू नये'.

पहिला तास गेला
एकमेकांच्या नावांना नावं ठेवण्यात.

साबिर म्हणाला, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस,
म्हणजे काळ आपोआप रांगेत उभा राहतो.
मार्झान म्हणाली, आधी झाड.
झाडाला कुठं ठाऊक असतं आज तारीख काय ते?
मी कीबोर्डावर. मला दोघांचंही पटत होतं
आणि पाचची बस गाठायची होती.

शून्यांवर मात्र लगेच एकमत झालं.
सातव्या झाडाच्या पुढे दोन शून्यं,
नाहीतर यंत्र दहाला दोनाच्या आधी बसवतं,
नुसता पहिला आकडा बघून.
'आणि झाडं हजारावर गेली तर?'
साबिरनं खिडकीबाहेर पाहिलं.
डोंगरावर बंगले चढत होते.
'नाही जाणार,' तो म्हणाला.

मग अक्षरं.
आमची ती घशातली, नाकातली, शेपटीवाली अक्षरं
दूरच्या सर्व्हरवर पोचेतो प्रश्नचिन्हं होतात.
म्हणून साधी लॅटिन, टोपी-टिकली उतरवलेली.
माझ्या पणजोबांनी स्वतःचं एकच नाव
एका जन्मात तीन लिप्यांत गिरवलं होतं.
मी हे चौथं वळण मुकाट्यानं टाईप केलं.

मोकळी जागाही चालत नाही.
दोन शब्दांच्या मध्ये, खाली, एक आडवी रेघ.
उंबरठ्यासारखी.

येर्देन तोख्तारोविच तोवर चहात दूध ओतत होते.
निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली;
मान म्हणून बोलावलेलं, खुर्चीही बरी दिलेली.
त्यांच्या फायली निराळ्याच:
'अस्वल झोपलं होतं ते',
'आंबट, पण घोड्याला आवडतं',
'गाडी बंद पडली तिथून डावीकडे'.
'यात शोधायचं कसं, आगाय?' साबिरनं अदबीनं विचारलं.
'विचारायचं,' ते म्हणाले. 'मला.'

कुणी काही बोललं नाही.
हीटर खोकला.
शेवटी तक्त्यात एक जादा रकाना काढला, 'जुनं नाव',
आणि बाउरसाकांची थाळी त्यांच्याकडे सरकवली.

नियम ठरायला तीन बैठका लागल्या,
नावं बदलायला अकरा सेकंद.
अस्वल झोपलं होतं ते झाड आता
२००४-०९-०५_उ३_००७.
शोधलं की सापडतं. खोटं कशाला बोलू,
मला बरं वाटलं.

एक फाईल तेवढी उरली.
एक बाई हसतेय, हातात उष्टं सफरचंद,
मागं फळांनी वाकलेली फांदी.
कॅमेऱ्याच्या मते पहिली जानेवारी.
उतार नाही, झाडाचा आकडा नाही.
मी फोन लावला.
'ती ऊमित,' येर्देन म्हणाले, 'माझी बायको.
आणि झाड... अस्वलाच्या झाडापासून वर चाळीस पावलं.
आता नाही ते. तिथं कुणाचं तरी गॅरेज आहे.'
'मग आकडा काय देऊ?'
तेवढ्यात आतल्या खोलीतून बाईंचा आवाज,
'कसलं झाड? ते सफरचंद बाजारातलं होतं!
तुमची रानातली कोण खातंय? दात आंबतात!'

फोनवर बराच वेळ दोघांचं भांडण ऐकलं.
मला नको होतं ठेवायला, पण बस.

नियमात बाजाराला रकाना नाही.
मी टाईप केलं:
ऊमित हसते, सफरचंद बाजारातलं.
शब्दाशब्दांत मोकळी जागा सोडून.
यंत्रानं काही विचारलं नाही.
ठेवून घेतलं.